दफनभूमीशेजारचे नंदनवन

स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी आम्ही गेलो ते संत मंगो यांच्या कबरीचे दर्शन घ्यावे या हेतूने. धर्मक्रांतीच्या उलथापालथीनंतर तेथील प्राचीन कॅथीड्रल प्रॉटेस्टंट बांधवांकडे गेले आहे. तरी तळघरातील त्या कबरीपाशी गुडघे टेकणाऱ्या यात्रेकरूस कोणी अडवीत नाही. प्रार्थना आटोपून निघालो, तो दाराशी उभ्या असलेल्या एका वृद्ध सद्गृहस्थांनी आमच्या हातातील जपमाळ पाहिली व म्हणाले, “आपण कॅथोलिक दिसता. मग पूर्वेकडचे सेंट मेरीजचे चर्च पाहिल्यावाचून परतू नका.”

त्यांचा सल्ला मानून आम्ही गॅलोगेटच्या रस्त्याने कॅल्टन वस्तीत आलो. हा शहराचा पूर्वभाग पिढ्यान्‌पिढ्या गरिबांचा. 1845 नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सहस्रावधी कॅथोलिक कुटुंबे समुद्र ओलांडून येथे येऊन राहिली. सेंट मेरीजचे चर्च त्याआधीचे, म्हणजे 1842 सालचे. मारिस्त संघाचे ब्रदर वॉलफ्रिड याच वस्तीत शाळेचे काम पाहात. ते स्वतः आयर्लंडातील स्लायगो परगण्याचे. उपाशीपोटी येणाऱ्या मुलांना पाढे काय शिकवावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी एका पेनीत गरम जेवण देण्याची सोय केली. परंतु त्यासही पैसा हवा. तेव्हा 6 नोव्हेंबर 1887 रोजी या धर्मग्रामाच्या हॉलमध्ये सभा भरली आणि मुलांच्या जेवणासाठी निधी उभारावा म्हणून एक फुटबॉल क्लब काढण्याचे ठरले. तोच आजचा जगप्रसिद्ध सेल्टिक क्लब. एका धर्मग्रामाच्या हॉलमधून, भुकेल्या लेकरांच्या ताटातून त्याचा उगम झाला, हे ऐकून आमची पावले आपोआप त्या क्लबाच्या मैदानाकडे वळली.

पायी अर्ध्या तासाची ती वाट. मैदानाशेजारी एक जुनी दफनभूमी आहे. 1892 साली क्लबाने आपले पहिले मैदान सोडून जवळच नवे मैदान बांधले, तेव्हा ‘हे तर दफनभूमीतून नंदनवनात जाणे झाले’ असे कोणी म्हटले आणि ‘पॅरडाइज’ म्हणजे नंदनवन हेच टोपणनाव त्या जागेस कायमचे चिकटले. आपल्या देशाचाही या भूमीशी ऋणानुबंध आहे. 1936 साली कलकत्त्याचा मोहम्मद सलीम येथे बुटांवाचून, पायांना केवळ पट्ट्या बांधून खेळला व प्रेक्षकांची मने जिंकून गेला.

मैदानासमोर पुतळे आहेत. ब्रदर वॉलफ्रिड शांतपणे बसलेले. जिमी जॉनस्टन चेंडू खेळविण्याच्या आविर्भावात. आणि जॉक स्टीन हातात युरोपियन चषक घेऊन उभे. या तिसऱ्या पुतळ्यापाशी तिघांचा वाद रंगला होता. एक पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, त्यांचा विशीतला नातू आणि शिक्षिका असलेल्या एक मध्यमवयीन बाई. आम्ही परदेशी पाहुणे म्हणून त्यांनी आम्हांसही त्या वादात ओढून घेतले.

वाचकांसाठी या गृहस्थांचा परिचय थोडक्यात देतो. जॉक स्टीन यांचा जन्म 1922 सालचा, लॅनार्कशरमधील खाणकामगाराच्या घरी. तारुण्यात त्यांनी स्वतः कोळशाच्या खाणीत काम केले. पुढे सेल्टिकचे कप्तान झाले. घोट्याच्या दुखापतीने खेळ संपला, तेव्हा ते प्रशिक्षक झाले व मार्च 1965 मध्ये याच क्लबाचे मॅनेजर. क्लबाचे ते चौथे मॅनेजर, आणि पहिले प्रॉटेस्टंट! दोन वर्षांत, 25 मे 1967 रोजी, त्यांच्या चमूने लिस्बन येथे इटलीच्या बलाढ्य इंटर मिलानचा 2–1 असा पराभव केला. युरोपियन चषक जिंकणारा तो ब्रिटनमधील पहिला क्लब. त्या दिवशी खेळलेले अकराही जण ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या परिसरात जन्मलेले. 1966 ते 1974 अशी सलग नऊ वर्षे देशाचे अजिंक्यपदही त्यांनी राखले.

“हे सर्व खरे,” नातू म्हणाला, “परंतु आजोबा, आपण त्यांना संतपदास पोहोचविता. 1970 साली मिलान येथे अंतिम सामन्यात फेयेनूर्डकडून आपण हरलो, ते प्रतिस्पर्ध्यास कमी लेखल्यामुळेच ना? मॅनेजरने चमूस गाफील राहू दिले. शिवाय त्यांचा धाक असा की खेळाडू त्यांची चाहूल लागताच दचकत. धाकाने माणसे चालतात, पण वाढतात काय?”

त्यावर बाईंनी जॉनस्टनच्या पुतळ्याकडे बोट दाखविले. “याला विचार! याला विमानाची विलक्षण भीती. 1968 साली बेलग्रेडच्या रेड स्टारशी येथे सामना होता व परतीच्या सामन्यास विमानाने जावे लागणार होते. मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. स्टीननी त्याला सांगितले की मोठ्या फरकाने जिंकलास तर तुला विमानात बसावे लागणार नाही. गडी असा पेटला की आपण 5–1 ने जिंकलो, आणि स्टीननी शब्द पाळला. माणसाची भीती ओळखून तिच्यातून बळ काढणारा मनुष्य केवळ धाकाने राज्य करीत नसतो. दोष द्यायचाच तर क्लबास दे. 1975 साली मोटार-अपघातात ते मरता मरता वाचले. 1978 साली पद गेले, तेव्हा त्यांच्यापुढे निधी गोळा करण्याचे काम ठेवण्यात आले. ज्याने घर बांधले त्याला देवडीवर बसविण्यासारखेच ते!”

आजोबा इतका वेळ गप्प होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते सावकाश बोलू लागले. “मी सतरा वर्षांचा असताना लिस्बनला गेलो होतो. तो दिवस मी विसरणार नाही. पण त्याहून मला दुसराच दिवस अधिक आठवतो. 1972 साली स्टर्लिंग येथे सामना होता. आम्ही तरुण पोरे प्रेक्षकांत उभी राहून बंदुकांची, द्वेषाची गाणी गात होतो. आयर्लंडात तेव्हा रक्त सांडत होते आणि आम्हांस वाटे, आपण आपल्या धर्माची बाजू घेत आहोत. तोच स्टीन मैदान सोडून थेट आमच्या गर्दीत चढून आले आणि आम्हांस खडसावले. मला असा संताप आला! मनात म्हणालो, हा प्रॉटेस्टंट आम्हां कॅथोलिकांस शिकविणार? कित्येक वर्षे मी तो राग जपला. 10 सप्टेंबर 1985 ची रात्र आली. कार्डिफ येथे स्कॉटलंडचा सामना संपता संपता ते कोसळले व तेथेच वारले, ही बातमी रेडिओवर ऐकली आणि मी स्वयंपाकघरात बसून रडलो. जिंकलेल्या सामन्यांबद्दल टाळ्या आम्ही सर्वांनीच वाजविल्या होत्या. पण जे एकच काम त्यांनी माझ्यासाठी, माझ्या जीवासाठी केले, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले.”

नातू काही बोलला नाही. बहुधा ही हकीगत तो प्रथमच ऐकत असावा. त्याने आजोबांच्या कोटाची गुंडी नीट लावून दिली, एवढेच आम्ही पाहिले. थोड्या वेळाने तो हलकेच म्हणाला, “मिलानचे मात्र मी मागे घेत नाही हं, आजोबा.” “घेऊही नकोस,” आजोबा हसून म्हणाले, “ते चुकलेच होते तेथे.”

परतताना आमच्या मनात बाईंचे किंवा नातवाचे म्हणणे नव्हते. आजोबांचेच शब्द घोळत होते. ब्रदर वॉलफ्रिडनी क्लब काढला तो मुलांच्या पोटासाठी. त्या क्लबाचे नाव घेऊन मुलांच्या मुखी द्वेष यावा, हे त्यांना कसे रुचले असते? त्यांच्या हेतूची आठवण करून द्यावयास देवाने एक परधर्मपंथीय खाणकामगार धाडला, आणि स्वकीयांनी त्याचा राग धरला. आपल्या गावांतही असेच घडत नाही काय? सणावाराच्या मिरवणुकीत वा दोन वाड्यांच्या सामन्यात आपली पोरे शेजाऱ्यास हिणवू लागली की आपण कौतुकाने हसतो. आणि त्यांना थांबविणारे फादर, गुरुजी किंवा एखादा वडीलधारा आपल्याला परका वाटू लागतो. आपल्या बाजूचा जयजयकार करणारा पुढारी मिळणे सोपे. आपल्याच माणसांत शिरून ‘हे शोभत नाही’ असे सांगणारा दुर्मीळ. तो चुकतही असेल. त्याच्या चुका नातवाने खुशाल मोजाव्यात. परंतु त्याचे उपकार तो हयात असतानाच मानावेत.

निरोप घेताना आजोबांनी टोपी काढली, त्या प्रॉटेस्टंट माणसाच्या पुतळ्यासमोर क्रुसाची खूण केली व पुटपुटत ‘हे आमच्या बापा’ म्हणू लागले. आम्हीही त्यांच्याबरोबर मराठीतून ती प्रार्थना पुरी केली.