वरात उशिरा आली तर

मे महिन्यात बालाघाटला दोन हंगाम एकमेकांच्या अंगावर येतात, लग्नांचा आणि तेंदूपत्त्याचा. लालबर्रा-किरनापूर भागातल्या ज्या बाया एरवी संध्याकाळी लॉनवर भांडी घासायला येतात, त्या पहाटे पाने तोडायला जंगलात गेलेल्या असतात. दुपारभर घरात गड्ड्या बांधायच्या आणि मग फडावर, म्हणजे पाने घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायच्या. रात्रीच्या कामाला निरोप पाठवला की त्या विचारतात, आज किती देणार? मी एका केटरिंगवाल्या भाऊंकडे माणसांचा हिशोब बघते. कुणाला कोणत्या पाळीला बोलवायचे आणि काय दर द्यायचा, हे ठरवणे माझ्याकडे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर, तिथल्या तिथे द्यावे लागते.

तेंदूपत्त्याशी बरोबरी करणे सोपे नाही. मध्य प्रदेशात पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. २०२४ पासून बोऱ्याला ४,००० रुपये, म्हणजे गड्डीला ४ रुपये. शाळेचे तोंड न पाहिलेली बाईसुद्धा फडावरून उठताना आपले किती झाले ते बोटांवर सांगते. हा व्यापार १९६४ च्या कायद्याने सरकारने हातात घेतला. पुढे सहकारी समित्या आल्या, आणि विक्रीत नफा झाला तर तोडणाऱ्यांना बोनसही मिळू लागला. बोनस उशिरा येतो आणि कधी हाताला फार लागत नाही, हे खरे. पण तोडणीचा दर आधी कळतो आणि नंतर कमी होत नाही. त्या दरावर विश्वास बसतो तो यामुळेच.

मी वाढले ते याच्या उलट हिशोबात. वारासिवनीला माझी आई विड्या वळायची. दर हजाराला ठरलेला, पण सट्टेदार, म्हणजे विड्या वळून घेणारा ठेकेदार, त्या तपासून छाट काढायचा. ही सैल, ती वाकडी, हिची पत्ती फाटकी. बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापायचा आणि त्या विड्याही ठेवून घ्यायचा. दिवसभर मान मोडून बसल्यावर आपली मजुरी किती, हे आईला शेवटी दुसऱ्याच्या तोंडून कळायचे. काम झाल्यावर दराला कात्री लावणे मला आजही सहन होत नाही, त्याचे मूळ तिथे आहे.

म्हणून भाऊंच्या पुतण्याने लॅपटॉपवर नवा तक्ता करून आणला तेव्हा मी आडवी आले. त्याची कल्पना हुशारीची होती. गर्दीच्या मुहूर्ताला दर चढा, रिकाम्या तारखेला उतरता. वेळेवर येण्याचे गुण, पाहुण्यांच्या पसंतीचे गुण, प्लेट फुटली तर वजा, गणवेश मळका असेल तर वजा. फोनवरच्या कंपन्या असेच करतात, असे तो म्हणाला. आमच्याकडे वाढपाला येणारा एक मुलगा इतर दिवशी जेवणाचे डबे पोचवतो. त्याला मी विचारले. तो म्हणाला, ‘ताई, ऑर्डर आली तर पैसे. दुकानासमोर तासभर उभं राहिलो त्याचं काहीच नाही. आणि जास्तीचे कधी लागतात, कधी कटतात, ते आपल्याला कळत नाही.’

तो तक्ता मी आमच्या भांडीवाल्या मावशींना वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवले. ‘बाई, इतकं नको सांगू. हातात किती पडतील ते बोल.’

शेवटी मी दर वहीच्या एका पानावर आणले. पाळी आठ तासांची, दुपारी चार ते बारा. तिचा एक किमान दर, जो हंगामभर खाली येणार नाही. मोठ्या मुहूर्ताला, मे महिन्यात आणि शहराबाहेरच्या लग्नाला त्यावर भर, आणि ती निदान आठवडाभर आधी सांगायची. दर वर सरकू शकतो, पण कामाला हात लागल्यावर खाली येत नाही. प्लेट फुटली तर धंद्याच्या खर्चात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो वरातीवरून. आमच्याकडे नऊची वरात अकराला दारात येते. डीजेपुढे नाचणाऱ्यांना घाई नसते. तोपर्यंत भट्टी पेटलेली, पुरीचे पीठ मळलेले, वाढपी उभे. बाराला संपायचे काम दोनवर जाते आणि भांड्यांचे ढीग तर त्यानंतर सुरू होतात. या दोन तासांची किंमत आजवर सगळ्यात गरीब माणूस भरत होता. भाऊ म्हणाले, उशीर वरपक्षाचा, मी का देऊ? मी म्हटले, तुम्ही देऊ नका, वरपक्षाकडून घ्या. आता यजमानाच्या करारात ओळ आहे की बारानंतरच्या प्रत्येक तासाचा वेगळा आकार, आणि तो पूर्ण कामगारांत वाटला जातो, दुप्पट दराने. दुप्पट मी मनाने काढलेले नाही. जादा कामाला दुप्पट मजुरी हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालच्या नियमांपासून चालत आलेले तत्त्व आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, तीही संहितेत आली आहे. रोजाने लावलेल्या माणसाला मालकाने पूर्ण वेळ काम दिले नाही, तरी त्याचा रोज पूर्ण. पाऊस येऊन मांडव पडला आणि जेवण आटोपते घेतले, म्हणून अर्धी हजेरी लिहायची सोय नाही. ही कलमे मी भाऊंना छापील कागदावर दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, पण मानले.

भांड्यांचा दर वाढप्यांच्या बरोबरीला आणायला एक हंगाम गेला. वाढपी बहुतेक पुरुष, भांडीवाल्या सगळ्या बाया, आणि बायांचे काम हलके समजायची रीत जुनी. तेलकट कढया राखेने घासताना पहाटेच्या गारठ्यात हात सुन्न होतात. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पनीर वाढणे त्याहून जड कसे, हे मला कुणी पटवून दिले नाही. रात्री त्यांना गावापर्यंत सोडणारी गाडीही आता दराचाच भाग आहे. एक वाजता बालाघाटच्या बसस्थानकावरून लालबर्ऱ्याला जायला काही मिळत नाही, आणि गाडी नसेल तर बाया लॉनच्या भिंतीला टेकून उजाडायची वाट बघतात.

नफ्यातला वाटा मात्र अजून अडकलेला आहे. तेंदूपत्त्यासारखा हंगामाच्या शेवटी हजेऱ्यांच्या प्रमाणात बोनस द्यावा, असे मी मांडले आहे. भाऊ म्हणतात, नफा दाखवायचा तर वही उघडावी लागेल. मी म्हणते, उघडा. जुलैत रोवणी लागली की बाया शेतात जातात आणि तिथला रोज चांगला असतो. पण रोवणी संपल्यापासून देवउठनी एकादशीला लग्ने पुन्हा सुरू होईपर्यंत हाताला फारसे काम नसते. त्या काळात घरे उचलीवर चालतात, आणि उचल फेडायला मग पुढच्या हंगामात मिळेल त्या दराला हो म्हणावे लागते. बोनस तेव्हा हातात पडला तर उचल कमी घ्यावी लागेल. या वर्षी भाऊंनी फक्त भांडीवाल्यांपुरता तो द्यायची तयारी दाखवली आहे. भट्टीवाले आणि वाढपी त्यात यावेत म्हणून पितृपक्षात, धंदा बंद असताना, आम्ही पुन्हा बसणार आहोत.