सापळ्यांचे गाणे

साठी उलटल्यावर माणसाने दोन गोष्टींना नाही म्हणू नये, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. एक, सुनेने आग्रहाने वाढलेली पुरणपोळी; आणि दुसरी, नातीने पुढे केलेले सिनेमाचे तिकीट. पोळीच्या बाबतीत माझ्या हातून आजवर कधी चूक झालेली नाही. तिकिटाच्या बाबतीत मात्र २०१७ सालच्या हिवाळ्यात ती होता होता राहिली.

झाले असे की, मुलाने बायको आणि लेकीसह ठाण्याला सिनेमाचा बेत केला होता. ऐन वेळी त्याच्या गोदामात माल येऊन थडकला. आम्हा भिवंडीकरांना याचे नवल नाही. पूर्वी आमचे बेत मोडत ते मागाच्या पाळीपायी. आता मोडतात ते दारात लागलेल्या ट्रकपायी. एक तिकीट उरले. नात तेव्हा चौथीत होती. माझा हात धरून म्हणाली,

"आबा, तुम्ही चला ना. कार्टून आहे, पण गाण्यांचं आहे!"

त्यातला 'पण' खास माझ्यासाठी होता. भजनाला मी थोडीफार पेटी वाजवतो, हे तिला ठाऊक. कार्टून म्हणजे उंदराने मांजराच्या टाळक्यात तवा हाणायचा, अशी माझी पक्की समजूत होती. तशी चित्रांना चालवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, आणि प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा बोलपट चित्रे काढून तयार केला होता. ही माहिती मी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असे. स्वतः मात्र असला चित्रपट कधी पुरा पाहिला नव्हता.

काशेळीचा पूल ओलांडेपर्यंत रिक्षाने आमची हाडे खिळखिळी केली होती. चित्रपटगृहाच्या दारात पाहतो, तर जाहिरातीवरही हाडेच! मुले हौसेने पाहायला आलेल्या चित्रपटावर चक्क माणसांचे सापळे. आणि त्यांच्या हातात गिटार. मी सुनेकडे पाहिले.

"बाबा, चांगला आहे म्हणतात," ती हळूच म्हणाली.

मी मनाशी ठरवले, आत गारवा आहे, खुर्ची मऊ आहे, दोन तास झोप काढावी. इंग्रजी मला कागदावर समजते. पडद्यावरचे कानांपाशी येते आणि तिथूनच परत जाते.

चित्रपटाचे नाव 'कोको'. अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीचा. दिग्दर्शक ली अंक्रिच. गोष्ट मेक्सिकोतल्या एका जोडे शिवणाऱ्या कुटुंबाची. खापरपणजोबा गिटार घेऊन घराबाहेर पडला तो परतलाच नाही. खापरपणजीने डोळे पुसले, जोडे शिवायला घेतले आणि घरातून गाणे हद्दपार केले. इतके, की नातवंडाने बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली तरी आजी ती हिसकावून घेणार. आणि त्याच घरात मिगेल नावाच्या पोराला गाण्याचे वेड!

इथे माझी झोप उडाली. आमच्या आळीत तरी दुसरे काय होते? "गाण्यानं पोट भरत नाही, कांड्या भर," हे वाक्य ऐकत माझ्या वयाची किती तरी पोरे मोठी झाली. रात्रंदिवस मागांची खटखट. आम्ही त्या आवाजातच झोपत असू, आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून जागे होत असू. त्या ठेक्यावर मनातल्या मनात गाणे म्हणणारे कितीजण असतील कोण जाणे. पडद्यावरचा पोरगा माळ्यावर लपून गिटार वाजवू लागला, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

आणखी एका गोष्टीने मला चकित केले. आपल्या चित्रपटांत नायक पियानोपाशी बसला की बोटे एकीकडे आणि सूर भलतीकडे, हे पाहण्याची सवय माझ्या डोळ्यांना झालेली. इथे तर माणूसच खोटा, हात खोटे, गिटार खोटी. पण बोट पडे ते नेमके स्वराच्या जागी! पुढे कळले की, त्या लोकांनी खऱ्या वादकांच्या वाद्यांना छोटे कॅमेरे बांधून त्यांच्या बोटांच्या हालचाली टिपल्या होत्या. सगळा खटाटोप सुमारे सहा वर्षे चालला होता. खोट्यासाठी एवढे खरे कष्ट घेणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार केला.

मग पडद्यावर झेंडू आला. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या आणि दुसऱ्या तारखेला पितरांचा सण असतो. घरात वेदी मांडतात, गेलेल्यांच्या तसबिरी ठेवतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ वाढतात, आणि वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. चित्रपटात तर दोन जगांना जोडणारा अख्खा पूलच झेंडूच्या पाकळ्यांचा होता. केशरी, उजळ, पावलागणिक चमकणारा. नात माझ्या कानाशी लागली,

"आबा, हा तर आपल्या दसऱ्याचा झेंडू!"

तिचे खरेच होते. फक्त उलटे होते. झेंडू मूळचा तिकडचाच. मिरची, मका आणि पेरू यांच्यासारखाच समुद्रापलीकडून इकडे आला आणि आपल्या दारावर तोरण होऊन बसला. पितरांसाठी पान वाढणारे लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही आहेत, आणि फूलही तेच वापरतात, हे कळताच मला त्या सापळ्यांची भीती वाटेनाशी झाली. ते पाहुणे वाटू लागले.

पण त्या पुलावर एक अट होती. ज्याची तसबीर घरी कुणी ठेवली नाही, त्याला तो ओलांडता येत नाही. आणि ज्याची आठवण ठेवणारे शेवटचे माणूस संपले, तो तिथूनही विरून जातो. चित्रपटातले मुख्य गाणे आठवण ठेवण्याचेच आहे. प्रथम ते एक नामवंत गवई दिमाखात, टाळ्या घेत गातो. पुढे तेच गाणे एक बाप आपल्या लहानग्या लेकीला अंगाईसारखे म्हणतो. सूर तेच, शब्द तेच. पण पहिल्या वेळी मी मान डोलावली होती, दुसऱ्या वेळी मान खाली घातली. शेवटी ती लेक, जराजर्जर झालेली कोको, सारे विसरून खुर्चीत बसलेली असते, आणि पणतू तिच्यापुढे तेच गाणे म्हणतो. त्यानंतर काय झाले ते मला नीट दिसले नाही. चष्मा हातात होता.

या चित्रपटाला २०१८ साली दोन ऑस्कर मिळाली. एक सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे आणि एक त्या गाण्याचे. मला मात्र पारितोषिक त्याच रात्री परतीच्या रिक्षात मिळाले, आणि ते जरा कडू होते. वाहतूक तुंबली होती. नातीने विचारले,

"आबा, तुमच्या पणजीचं नाव काय?"

मी चटकन सांगितले. दर वर्षी श्राद्धात ते उच्चारतोच.

"हे लग्नानंतरचं. आधीचं?"

मी गप्प. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव कुठे जाते, हा विचार मी जन्मात केला नव्हता. तिची तसबीरही नव्हती. त्या पुलावर आमची पणजी अडली असती, आणि अडवणारा मीच असतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे वाड्याकडे, अंबाडी नाक्याच्या पुढे, आत्याकडे गेलो. नव्वदीकडे झुकलेली आत्या हसली. "नाव कुठलं रे? माहेर कुडूसचं, म्हणून सगळे तिला 'कुडूसची'च म्हणत. आम्हाला ती आजी."

नाव गेले होते, कायमचेच. आम्ही उठायला निघालो, तेवढ्यात आत्याचा उजवा हात आपसूक गोल फिरू लागला. जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ, आणि ओठांवर ओवी. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची, दोनच ओळींची. "पहाटे म्हणायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची," आत्या म्हणाली. नातीने आईचा मोबाइल केव्हा पुढे धरला, ते आम्हाला कळलेही नाही.

आत्या आता नाही. नात कॉलेजात जाते. पण दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडकीत एक पणती जादा लागते, आणि तिच्यापाशी मोबाइलवर आत्याच्या आवाजात पणजीची ओवी वाजते. मागाच्या खटखटीत ती जेमतेम ऐकू येते. गेल्या वर्षी नातीने उंबऱ्यापासून त्या खिडकीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढली. घरात पाकळ्या सांडल्या की कुरकुरणारा माणूस मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी हाती घेतली, सारे घर झाडले, आणि तेवढी वाट मात्र तशीच राहू दिली.