शाळेचें सोनखत

कॉलेजांत वर्डस्वर्थ शिकविणाऱ्यानें शौचकूपावर निबंध लिहावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल, आणि कांहीं तर पानच उलटतील. परंतु ज्या भाषेनें मैल्याच्या खतास 'सोनखत' असें नांव दिलें, तिच्या वाचकांस एवढी किळस शोभत नाहीं.

कोंकणांतील एका शाळेच्या मंडळावर आम्ही आहों. शाळेस शौचालय आहे; पण मार्च उजाडला कीं विहीर तळास जाते, आणि पाण्यावांचून शौचालयास कुलूप पडतें. त्याचा भार मुलींवर. त्या दिवसभर पाणी पीत नाहींत, आणि मोठ्या मुली महिन्यांतून चार दिवस घरींच राहतात. पावसाळ्यांत उलट प्रकार. जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून खड्ड्यांतील घाण विहिरीकडे पाझरण्याचें भय. म्हणून मैला आणि मूत्र आरंभापासून वेगवेगळीं ठेवणारें, पाण्यानें न लोटावें लागणारें शौचालय बांधावें, असा ठराव मंडळापुढें आला.

त्याची रचना सोपी आहे. जमिनीच्या वर दोन बंद कोठ्या. एक चालू, दुसरी मिटलेली. मैला कोठींत पडला कीं त्यावर मूठभर राख टाकावयाची. मूत्र भांड्याच्या पुढील भागांतून नळीनें टाकींत जातें, आणि धुण्याचें पाणी तिसऱ्या वाटेनें केळीच्या आळ्यांत. दुर्गंधि येते ती मुख्यतः हीं दोन्हीं एकत्र कुजल्यानें. मिटलेली कोठी आमच्या उष्ण हवेंत वर्षभर तरी उघडूं नये. मूत्राचें काम त्याहून सोपें, आणि शाळेंत तेंच अधिक. मधल्या सुटींत मुलें धांवतात तीं बहुधा त्याचसाठीं. मनुष्याच्या शरीरांतून जें नत्र बाहेर पडतें, त्याचा फार मोठा भाग मूत्रांत असतो. बंद टाकींत सहा महिने ठेवून त्यांत पाणी मिसळलें कीं तें झाडांस चालतें. युरियाचीं पोतीं विकत आणणाऱ्या गांवानें हें फुकटचें नत्र ओढ्यांत सोडावें, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

राखेविषयीं किंवा खर्चाविषयीं मंडळांत कोणीं फारशी हरकत घेतली नाहीं. एका सभासदानें एवढेंच विचारलें, "कोठी उघडणार कोण?" सारे गप्प झाले. असलीं कामें गांवांत पूर्वीं कोणाकडे होतीं तें सर्वांस ठाऊक, आणि त्या घरांतील मुलें याच शाळेंत शिकतात. नजरा कोणत्या वाडीकडे वळल्या, तें लिहावयास नको.

कोंकणास हा प्रश्न नवा नाहीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैला साफ करण्याचें काम मागितलें. उच्चवर्णीय कैद्यास तें मिळेना, तेव्हां त्यांनीं अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींही त्यांच्यासाठीं उपवास आरंभिला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं सोनखताचे प्रयोग केले. काम मागून घेणारा मनुष्य असा एखादाच. आमच्या मंडळांत तें दुसऱ्याकडे सरकविणारेच अधिक.

म्हणून एक कलम आम्हीं सुचविलें आहे. पूर्ण कुजल्यावांचून कोठी उघडूं नये (कच्चा मैला माणसाकडून उपसून घेणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हाच आहे). उघडतेवेळीं फावडें मुख्याध्यापकांनीं व सभासदांनीं पाळीपाळीनें धरावें. मुलांकडून, मग तीं कोणत्याही घरचीं असोत, हें काम घेऊं नये. मुलांनीं आपापली राख टाकावी, एवढेंच.

सभा गणपतीनंतर आहे. दोघां सभासदांनीं राजीनाम्याची भाषा केली आहे. पाळ्यांची यादी होईल तेव्हां आमचें नांव पहिलें घालावें, असें आम्हीं चिटणिसांस कळविलें आहे.