समुद्राची परवानगी

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी समुद्रावर जाण्यासाठी मला दोन ठिकाणी अर्ज करावा लागला. कचेरीने चार दिवसांची रजा लगेच मंजूर केली. आईची परवानगी मिळण्यास दोन वर्षे लागली. माझा थोरला भाऊ येथेच, हुणसुरास, लक्ष्मणतीर्थेत बुडाला, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. नदीकाठी वाढूनही मला पोहता येत नाही.

ही आमची नदी मोठी चमत्कारिक. कोडगूतील ब्रह्मगिरीत, पश्चिम समुद्रापासून फारशी दूर नसलेल्या जागी ती उगम पावते आणि त्याच समुद्राकडे पाठ फिरवून कृष्णराजसागरात कावेरीला मिळते. आम्ही तिच्या उलट निघालो. मडिकेरीचा घाट उतरून मंगळूर, उडुपी आणि शेवटी मलपे. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा.

मलप्याहून सेंट मेरीच्या बेटांकडे होडी जाते. पावसाळ्यात ती बंद असते. (त्या बेटांतील एकाचे नाव दर्याबहादूरगड! मराठी कानाला ते किती घरचे वाटते.) होडी हलली आणि मुलगा कठड्यावरून वाकला. मी त्याचा सदरा असा ओढला की गुंडीच तुटली. "वाकू नकोस!" हा आवाज माझा नव्हता, आईचा होता. मग तो मुकाट बसून राहिला. बेट येईपर्यंत मी समुद्र पाहिलाच नाही. पाहिली ती त्याच्या सदऱ्यावरची माझी मूठ.

बेटावर कातळाचे पैलूदार खांब दाटीने उभे आहेत, पुष्कळसे षट्कोनी.

"बाबा, हे कोणी घडवले?"

लाव्हा निवताना आकसतो आणि आटलेल्या तळ्यातील गाळासारख्या त्याला भेगा पडतात, असे मी सांगितले. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटत होते, त्या काळातला हा कातळ. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा याहून सुमारे दोन कोटी वर्षांनी धाकटा. १४९८ साली वास्को द गामा येथे उतरला अशी दंतकथा आहे, तिचे त्याला काडीचेही कौतुक वाटले नाही. खांबांच्या खळग्यात साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "येथे गुडघाभरच आहे. बघा तर."

मी मूठ सोडली. थोड्या वेळाने वहाणा काढून मीही उतरलो. पाणी कोमट होते.

घरी आल्यावर आईने प्रवासाविषयी काही विचारले नाही. नातवाचा सदरा तेवढा पाहिला आणि सुईदोरा घेऊन बसली. गुंडी लावून झाल्यावर दोरा दाताने तोडीत ती त्याला हळूच म्हणाली, "खारट असते म्हणतात. खरेच का रे?"