जनावराच्या वेदनेची चौकशी कोण करतो?

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की मोबाइलवर ठरलेले मेसेज सुरू होतात. पाठवणारे परके नसतात. शाळेतले मित्र असतात, कार्यालयातले सहकारी असतात, कधी सोसायटीचा ग्रुप असतो. "मुक्या जिवाला का मारता?", "बोकडाच्या आकाराचा केक कापा." आमच्याकडूनही मग ठरलेली उत्तरं जातात: मांस निर्यातीचे आकडे, कत्तलखान्यांचे फोटो, शाकाहारी माणसाच्या पायातल्या चामड्याच्या चपला. ईद होऊन जाते आणि पुढच्या वर्षापर्यंत दोन्ही बाजूंना जनावरांची आठवण राहत नाही.

या भांडणात प्राणीहक्क संस्थांची अवस्था मोठी विचित्र होते. ईदच्या आठवड्यात त्या बहुसंख्यांना आपल्या वाटतात आणि आम्हाला शत्रू. त्याच संस्था मंदिरातल्या हत्तीबद्दल किंवा बैलगाडा शर्यतीबद्दल बोलल्या की त्यांना मानणारे आणि शिव्या देणारे जागा बदलतात. पण त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदराचा किंवा सशाचा विषय काढला, की दोन्ही बाजू एकदम हसतात. "इथे माणसं मरतायत आणि यांना उंदरांचं पडलंय!" मला या एकत्र हसण्याबद्दल बोलायचं आहे. कुर्बानी करणारे आणि न करणारे वेगवेगळे असतील, औषध मात्र सगळेच घेतात.

जनावरांच्या छळाविरुद्धचा आपल्याकडचा मुख्य कायदा १९६० चा. राज्यसभेत असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा विषय लावून धरला होता, त्यातून तो आला. त्यातलं २८ वं कलम आमच्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. एखाद्या समाजाच्या धर्मानुसार आवश्यक असलेल्या पद्धतीने जनावर मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असं ते सांगतं. ईदच्या वादात हे कलम हमखास निघतं. एका बाजूला तो हक्क वाटतो, दुसऱ्या बाजूला लाड. पण याच कायद्यात १४ वं कलमही आहे. जीव वाचवणारं, आयुष्य वाढवणारं, रोगाशी लढायला उपयोगी पडणारं ज्ञान मिळवण्यासाठी जनावरांवर प्रयोग करणं बेकायदा नाही, असं ते म्हणतं. म्हणजे कायदा एकच आणि त्यात एक सवलत धर्माला, एक विज्ञानाला. पहिलीवर दरवर्षी वाद होतो. दुसरीचा लाभ आपण सगळे वर्षभर घेतो आणि ती आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

ही सवलत कायद्यात लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीपासून आपण तिच्यावर जगत आलो आहोत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, अफवा होत्या. त्या वेळी तरुण वयातल्या तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या जमातीला धीर दिला. मुंबईच्या मुसलमानांच्या इतिहासातला हा अभिमानाचा प्रसंग आहे. लोकांना आगाखानांचा दंड दिसला. त्याआधीचे ससे कुणाला दिसले नाहीत, आणि त्या काळात ते दिसावेत अशी अपेक्षाही नव्हती.

आजचं उदाहरण माझ्या घरातलं आहे. माझे मामू रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची बाग सांभाळतात. काही वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडाशी गडग्याचे निसटलेले चिरे बसवताना त्यांच्या बोटाला फुरसं चावलं. तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. तिथे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर विष काम करतंय असं समजायचं. मामूंचं रक्त पाण्यासारखं पातळ राहिलं. सलाईनमधून सर्पविषावरच्या लसीच्या कुप्या सुरू झाल्या. पहिल्या दहा, मग आणखी. दुसऱ्या दिवशी नळीतलं रक्त गोठलं.

कुणीतरी मुमानीला सांगितलं की हे इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून करतात. तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मग हे आपल्याला चालतं का रे?" मशिदीच्या इमामसाहेबांना फोन लावला. जीव वाचवायला मनाई नाही, असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या खाटेपाशी घोड्याचा विषय कुणी काढावा अशी अपेक्षा नव्हतीच. आता मामू बागेत हिंडू-फिरू लागले आहेत, तेव्हा तो काढायला हरकत नसावी.

सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग ठरावीक अंतराने त्याचं रक्त काढतात, त्यातला द्रव वेगळा करून शुद्ध करतात आणि कुप्या भरतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. तिची ताकद उंदरांवर तपासतात. त्या तपासणीत उंदीर मरतात. महाराष्ट्राचं या घोड्यांशी जुनं नातं आहे. हाफकिन संस्थेने पिढ्यान् पिढ्या अशा लसी बनवल्या. पुण्यात १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्यामागेही पूनावालांच्या घोड्यांच्या फार्मवरून हाफकिनला जाणाऱ्या घोड्यांची गोष्ट आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ती बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. म्हणून या विषयावर हसू नये, तसंच "उद्यापासून सगळे प्रयोग बंद करा" असंही सहज म्हणू नये. पेटासारख्या संस्था कोणत्याच प्रयोगात जनावर नको म्हणतात. ती भूमिका मला मान्य नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांवर संशोधन चालू आहे, पण आज तालुक्याच्या रुग्णालयात मिळते ती घोड्याचीच लस.

मला खटकतं ते मुमानीच्या प्रश्नाच्या पुढचं. तो प्रश्न आपण सगळे विचारतो. औषधाच्या दुकानात आमची माणसं विचारतात, कॅप्सूलच्या जिलेटिनमध्ये डुक्कर तर नाही ना? रक्त पातळ करणारं हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनतं हे कळलं की घरात चर्चा होते. माझे जैन मित्र त्याच दुकानात विचारतात, कॅप्सूल शाकाहारी आहे का? प्रश्न प्रामाणिक असतात, पण ते सगळे आपल्याबद्दलचे असतात. माझ्या पोटात काय जातंय, माझी श्रद्धा बाटत तर नाही ना, मला पाप तर लागत नाही ना? ते जनावर कसं राहिलं, त्याला किती दुखलं, तेवढं दुखणं टाळता आलं असतं का, हे या दुकानात कुणीच विचारत नाही. आपण आपल्या शुद्धतेची चौकशी करतो. जनावराच्या वेदनेची चौकशी कुणीतरी करायला हवी, म्हणून ती प्राणीहक्क संस्था करतात. आणि आपण त्यांना हसतो.

त्यांनी चौकशी केली म्हणून काय झालं ते पाहा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडं परदेशी जात होती. पोलिओची लस बनवायला माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, ही खरी गरज होती. पण पुढे अमेरिकेत लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांतही माकडं वापरली जात असल्याचं प्राणीमित्रांनी उघड केलं, आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून ही निर्यात बंद केली. २०१४ मध्ये आपल्या देशाने सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचण्या करायला बंदी घातली. ओठांच्या लालीसाठी सशाच्या डोळ्यात रसायन घालण्याची गरज नाही, हे आज पटायला सोपं आहे, कारण आधी कुणीतरी हसं करून घेत ते सांगत राहिलं. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन जनावरांऐवजी मानवी पेशींवर आणि तशाच इतर पद्धतींनी चाचण्या करायला वाट मोकळी झाली. लशींसाठीच्या घोड्यांपैकी अशक्त, आजारी घोड्यांचा प्रश्नही याच लोकांनी लावून धरला आहे. घोडा नीट ठेवला तर लस बंद पडत नाही.

इमामसाहेबांचं उत्तर बरोबरच होतं, पण अर्धं होतं. भुकेने जीव जायची वेळ आली तर निषिद्ध अन्नही चालतं, असं कुरआन सांगतो. पण त्याला दोन अटी घालतो: मनात तशी इच्छा नसावी आणि गरजेची हद्द ओलांडू नये. यातूनच फिकहमध्ये नियम आला की गरजेची सवलत गरजेपुरतीच. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या: जनावराशिवाय भागत असेल तर तसं भागवा, लागलंच तर कमीत कमी घ्या, आणि वेदना कमीत कमी होईल असं करा. आपल्या १९६० च्या कायद्याचं १७ वं कलमही शक्य तिथे भूल द्या, पुस्तकं आणि मॉडेलवर काम होत असेल तर प्रयोग टाळा, असंच सांगतं. मला या तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसते. सवलत मिळते तिथे जबाबदारी संपत नाही, सुरू होते. भारतात जन्मलेले आणि इंग्लंडात वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे इमाम राहिलेले बी. ए. मसरी यांनी १९८० च्या दशकात इस्लाम आणि प्राणी या विषयावर पुस्तकं लिहिली, त्यांत प्रयोगशाळांचाही विचार केला. आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे.

हाच हिशेब ईदलाही लागू होतो. २८ वं कलम मारण्याच्या पद्धतीपुरतं आहे. बोकड ट्रकमध्ये कोंबून, अन्नपाण्याविना, पाय मोडलेल्या अवस्थेत देवनारला आणण्याची मुभा ते देत नाही. हदीस तर त्याहून कडक आहे. सुरीला धार लावा, जनावराला त्रास कमी होईल असं करा, असा हुकूम आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची गोष्ट आपण मदरशात मुलांना शिकवतो. मग हातात सुरी देताना तिची धार पाहायला, एका जनावरासमोर दुसरं कापू नका हे सांगायला आपल्याला बाहेरच्या संस्थेची वाट का पाहावी लागते? "त्यांचे कत्तलखाने पाहा" हे उत्तर शेजाऱ्याचं तोंड बंद करेल. बोकडाला त्याचा काही उपयोग नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुसलमानांनी या संस्थांकडे शत्रू म्हणून पाहणं सोडावं. त्यांची प्रत्येक मागणी मानायला नको, त्यातला ईदपुरता ढोंगीपणा दिसला तर तोही दाखवून द्यावा. पण त्यांचा मूळ प्रश्न आपल्याच किताबातला आहे. ईदच्या आधीच्या जुम्याला खुत्ब्यात पाच मिनिटं ट्रक, दावण आणि सुरी यांवर बोलता येईल. आपली कितीतरी मुलं-मुली आता फार्मसीला जातात, प्रयोगशाळांत नोकरी करतात. हलाल काय, हराम काय हे त्यांना घरात सांगितलेलंच असतं. या पिंजऱ्यात दहाऐवजी सहा उंदरांत भागेल का, भूल दिली आहे का, हे विचारणं हीसुद्धा दीनचीच गोष्ट आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला हवं.