खेळाचा तास काढून घेऊ नका!



एक चूक मी बरीच वर्षं केली. मुलांचं भांडण झालं की माझी शिक्षा ठरलेली, "आज तुझा खेळाचा तास बंद!" सहावीतला एक मुलगा तर दर आठवड्याला वर्गातच बसलेला असायचा. एकदा त्याला म्हटलं, "जा, आज खेळ." तो जागचा हललाच नाही. म्हणाला, "मॅडम, आता मले कोणी टीममध्येच घेत नाही जी."

भांडू नये म्हणून मी त्याला बाहेर ठेवलं आणि तो बाहेरचाच झाला.

आपल्या नागपुरात मात्र एका शिक्षकानं याच्या अगदी उलट केलं. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी भर पावसात वस्तीतली मुलं फुटक्या प्लास्टिकच्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. खेळतात तेवढा वेळ ही मुलं वाईट नादापासून दूर राहतात, हे त्यांनी हेरलं. 2001 मध्ये 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू झालं. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभं राहिलं आणि 2016 मध्ये त्याला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. 'झुंड' चित्रपट आपण पाहिलाच असेल. "आधी सुधरा, मग खेळा" अशी अट तिथे नव्हती.

जगात 'फुटबॉल थ्री' नावाची एक पद्धत वापरतात. त्यात सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ मिळून नियम ठरवतात, मग रेफरीशिवाय खेळतात आणि शेवटी बसून बोलतात. गोलांसोबत चांगल्या वागणुकीलाही गुण मिळतात.

मी हेच कबड्डीला लावलं. खेळाआधी पाच मिनिटं, खेळानंतर पाच मिनिटं. शेवटी तीनच प्रश्न: राग कधी आला? तेव्हा काय केलं? कोणाला "शाबास" म्हणायचं? पहिले काही दिवस नुसता गोंधळ झाला. तो मुलगा आजही चिडतो, पण आता हात उचलण्याआधी "थांब, बोलू" म्हणतो. आणि मुलं त्याला संघात घेतात.

सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे हेच: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याचं मन समजणं, नाती जपणं आणि विचार करून निर्णय घेणं.

"सिलॅबस कधी संपवायचा?" असं तुम्ही विचाराल. 2011 मध्ये अशा 213 उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 2 लाख 70 हजार विद्यार्थी होते. मुलांची वागणूक तर सुधारलीच, शिवाय अभ्यासातही ती सरासरी 11 पर्सेंटाइलनं पुढे गेली. म्हणजे ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

पालकहो, आज मूल घरी आलं की "किती मार्क मिळाले?" याआधी "आज कोणासोबत खेळलास?" एवढं विचारून पाहा. आणि शिक्षक मित्रांनो, शिक्षा द्यायचीच झाली तर दुसरी शोधा. खेळाचा तास तेवढा राहू द्या.