खुंटांवरचं घर

जिप्समच्या त्या दोन खोल्या आठवल्या की अस्मादिकांच्या अंगाचा अजूनही तिळपापड होतो.

ब्रिस्बेनमध्ये, ग्रेसव्हिलला, भाड्याचं घर. ‘क्वीन्सलँडर’ जातीचं: लाकडी खुंटांवर उभं, भिंती फळ्यांच्या, वर पन्हाळी पत्रा, पुढे ऐसपैस व्हरांडा. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी. वाळवी खुंटाच्या पोटातून गुपचूप चढते. टोपी आडवी आली की तिला कडेवरून, उघड्यावर मातीची वाट बांधावी लागते. टोपी वाळवीला अडवत नाही, पकडून देते! कोकणातल्या अस्मादिकांना तिथे पहिल्याच दिवशी पडवी भेटली. ‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला, हे शेजाऱ्याला दोनदा ऐकवूनही झालं.

खुंटांमधली जागा मोकळी असते ती हवेसाठी, दोरीवरच्या कपड्यांसाठी आणि नदी चढलीच तर पाण्याला वाट म्हणून. मालकाने नेमकी तीच जिप्समच्या भिंतींनी बंद करून दोन खोल्या काढल्या आणि एका विद्यार्थ्याला दिल्या. २०११ मध्ये इथे आलेल्या पुराबद्दल विचारलं तर एजंट हसला. “तसा शंभर वर्षांतून एकदा येतो.”

अकरा वर्षांत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन दिवसांत सहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि २८ तारखेला नदी ३.८५ मीटरवर गेली. २०११ च्या ४.४६ पेक्षा कमीच. विद्यार्थी गादी डोक्यावर घेऊन वर आला. वर थेंबही नव्हता. खाली छातीभर पाणी. ओसरल्यावर पाहिलं तर जिप्सम भिजल्या पावासारखा फुगलेला, चार दिवसांत बुरशीने काळा. आणि एजंटाचं पत्र: राडारोडा भाडेकरूंनी उचलावा, भाडं ठरलेल्या तारखेला भरावं. विद्यार्थ्यालाही तेच पत्र! जी खोली उरलीच नव्हती, तिचं भाडं. पोराने एका आठवड्याचं भरलंसुद्धा.

जुन्या एकेरी फळीच्या भिंतीला आत पोकळी नसते. ती धुवावी, वाळवावी, रंगवावी. अशा घरात राहायचं असेल तर आधी वाकून खुंटांमधून आरपार दिसतं का ते बघावं.

एवढं गुणगान करूनही खरं सांगायचं तर जुलैच्या थंडीत अस्मादिक तिथे दोन स्वेटर घालून झोपत. जमिनीच्या फटींतून वारा, आणि पलीकडच्या खोलीतली शिंकसुद्धा ऐकू येई. वर्षभरात त्यांनी विटांचं घर गाठलं.

परवा जुन्या घराची जाहिरात दिसली. नवा जिप्सम, नवा रंग. झोपायच्या खोल्या पाच. वर तीनच आहेत.